तेलाचें स्वामित्वधन आणि हिशेबाची वही

रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या गांवीं माझ्या वडिलांची हापुसाची लहानशी बाग होती. मी शाळेंत शिकत होतों त्या काळीं दर वर्षीं चैत्र-वैशाखांत आंब्याच्या पेट्या मुंबईस एका अडत्याकडे जात, आणि आठ-पंधरा दिवसांनीं त्याच्याकडून टपालानें 'पट्टी' येई. त्या कागदावर वरच्या बाजूस विक्रीची रक्कम असे. तिच्याखालीं अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडें अशा कपातींच्या ओळी असत. आणि तळाशीं उरलेला आंकडा असे. आंबा खरोखर कोणत्या भावानें विकला गेला हें वडिलांस कधींच दिसलें नाहीं. कारण त्या बाजारांत भाव ठरे तो रुमालाखालीं बोटें दाबून. १९७४ सालीं पट्टीची रक्कम फारच उतरली, तेव्हां वडील स्वतः मुंबईस गेले आणि त्यांनीं अडत्यास विक्रीची वही दाखविण्याची विनंति केली. अडत्या हंसून म्हणाला, "तात्या, इतक्या वर्षांचा आपला घरोबा, आणि आज वही मागतां ? विश्वास उडाला काय ?" वडील चहा पिऊन परत आले. घरीं आल्यावर ते आईला एवढेंच म्हणाले, "वांटा मागायला फारसा धीर लागत नाहीं. वही मागायला लागतो."

पुढें अडतीस वर्षें मीं मुलांना इतिहास शिकविला, आणि हें वाक्य मला पुष्कळदां आठवलें. राष्ट्राराष्ट्रांमधील कांहीं मोठे कलह वरवर पाहतां वांट्यासाठीं झालेले दिसतात; पण जरा खोल गेलें म्हणजे ते वहीसाठीं झालेले आहेत असें ध्यानांत येतें. खनिज तेलाच्या स्वामित्वधनाचा इतिहास हा त्यांपैकींच एक होय.

प्रथम स्वामित्वधन म्हणजे काय तें सांगतों. जमिनीच्या पोटांतील तेल किंवा वायु काढण्याचा परवाना ज्यास मिळतो, त्यानें त्या संपत्तीच्या मालकास उत्पन्नाचा ठराविक भाग द्यावयाचा असतो. त्यास इंग्रजींत रॉयल्टी म्हणतात. बहुतेक देशांत हा मालक म्हणजे तेथील सरकार, आणि अंतीं तेथील प्रजा. आतां हा भाग मोजण्यासाठीं तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : तेल किती निघालें, कोणत्या भावानें विकलें, आणि विक्रींतून कोणकोणते खर्च वजा केले. ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें एकाच ठिकाणीं असतात, तें म्हणजे कंपनीचें दप्तर. करारांत वांटा सोळा टक्के लिहिलेला असो वा पन्नास टक्के असो. तो कशाचा वांटा, हें दप्तर पाहिल्यावांचून कळत नाहीं.

ह्याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण इराणच्या इतिहासांत सांपडतें. २८ मे १९०१ रोजीं इराणचे शहा मुझफ्फरुद्दीन यांनीं विल्यम नॉक्स डार्सी नांवाच्या इंग्रज धनिकास एक सनद दिली. ह्या गृहस्थानें ऑस्ट्रेलियांतील सोन्याच्या खाणींत मोठी संपत्ति मिळविली होती. उत्तरेकडील पांच प्रांत सोडून बाकीच्या सर्व इराणांत तेल व वायु शोधण्याचा, काढण्याचा आणि विकण्याचा हक्क त्यास साठ वर्षांसाठीं मिळाला. मोबदला असा ठरला : कंपनी स्थापन होतांच वीस हजार पौंड रोख, तितक्याच किंमतीचे शेअर, आणि पुढें दर वर्षीं निव्वळ नफ्याचे शेंकडा सोळा.

हा वांटा ऐकण्यांत वाईट नव्हता. परंतु 'निव्वळ नफा' म्हणजे नेमकें काय, ह्याची व्याख्या सनदेंत नव्हती. इराणच्या वतीनें एक शाही आयुक्त नेमण्याची तरतूद होती खरी. त्यानें सरकारच्या हिताची देखरेख ठेवावयाची. मात्र ती कशी ठेवावी हें सनदधारकाच्या संमतीनें ठरवावयाचें, आणि त्याचा सालिना एक हजार पौंडांचा तनखा सनदधारकानेंच द्यावयाचा. ज्याच्यावर राखण ठेवावयाची त्याच्याच हातून राखणदाराचा पगार, अशी ही व्यवस्था होती.

पहिलीं सात वर्षें हातीं कांहींच लागलें नाहीं. डार्सीचा पैसा सरत आला तेव्हां १९०५ सालीं बर्मा ऑइल कंपनी त्याच्या मदतीस आली. ब्रह्मदेशांतील तेलाचें रॉकेल करून तें हिंदुस्थानांत विकणारी हीच ती कंपनी. आपल्या आजी-पणजीच्या घरांतील दिव्यांवर तिचा व्यापार चाले. खोदकामाचा प्रमुख जॉर्ज रेनॉल्ड्स हा पूर्वीं हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यांत नोकरीस होता, आणि त्याच्या तळावरील पहारा हिंदी घोडदळाच्या एका तुकडीकडे होता. अखेर २६ मे १९०८ रोजीं पहांटे मस्जिद-इ-सुलेमान येथील विहिरींतून तेलाचा फवारा उसळला. १९०९ सालीं अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली. अबादान येथें तेलशुद्धीचा कारखाना उभा राहिला, आणि त्यासाठीं मुंबई व कराचीहून हिंदी मजूर आणि कारागीर नेण्यांत आले.

१९१४ सालीं, महायुद्ध उंबरठ्यावर आलें असतांना, आरमाराचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या आग्रहावरून ब्रिटिश सरकारनें बावीस लाख पौंड घालून ह्या कंपनीचे निम्म्याहून अधिक शेअर घेतले. त्याबरोबरच आरमारास दीर्घ मुदतीपर्यंत सवलतीच्या भावानें तेल पुरविण्याचा करारही झाला, आणि तो भाव गुप्त ठेवण्यांत आला. श्रोत्यांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. जें सरकार कंपनीचें मुख्य मालक, तेंच तिचें मोठें गिऱ्हाईक. भाव जितका उतरेल तितका आरमाराचा लाभ. पण भाव उतरला कीं नफा उतरणार, आणि नफा उतरला कीं इराणचे सोळा टक्केही उतरणार. अर्थात् ह्या सवलतीचा कांहीं भाग इराणच्या पदरांतून दिला जात होता. आणि किती, तें इराणलाच ठाऊक नव्हतें.

युद्धाच्या धामधुमींत १९१५ सालीं तेलाचा नळ टोळीवाल्यांनीं तोडला. कंपनीनें ह्या नुकसानीचा बोजा इराण सरकारवर टाकला आणि वांट्याची रक्कम अडकवून ठेवली. शिवाय एव्हांना कंपनीचा विस्तार झाला होता. तिच्या पोटीं दुसऱ्या कंपन्या जन्मल्या होत्या. कोणी तेल काढी, कोणी तें जहाजांतून नेई, कोणी परदेशांत विकी. मग इराणचा वांटा कोणत्या कंपनीच्या नफ्यावर धरावयाचा ? एका खिशांतील नाणें दुसऱ्या खिशांत टाकलें तर पहिला खिसा रिकामा दाखवितां येतो, हें सांगावयास मोठें अर्थशास्त्र नको.

१९२० सालीं इराणचे अर्थविषयक सल्लागार म्हणून सिडनी आर्मिटेज-स्मिथ यांची नेमणूक झाली. हे ब्रिटिश कोषागारांतील अधिकारी. तरी त्यांनीं आपलें काम चोख बजावण्याचा प्रयत्न केला. विल्यम मॅक्लिंटॉक ह्या नामांकित हिशेबनिसाकडून त्यांनीं कंपनीचे हिशेब तपासून घेतले. नळाच्या नुकसानीपोटीं केलेली कपात आणि पोटकंपन्यांच्या जमाखर्चाची मांडणी, ह्या दोन्ही बाबतींत इराणची तक्रार निराधार नव्हती असें तपासणींत निघालें. त्या वर्षाच्या डिसेंबरांत तडजोड होऊन मागील सर्व बाकीपोटीं कंपनीनें दहा लाख पौंड देण्याचें मान्य केलें. सनद झाल्यापासून एकोणीस वर्षांनीं वही नीट उघडली गेली, आणि ती उघडतांच दहा लाख पौंड बाहेर आले ! परंतु ह्याच तडजोडींत जहाजवाहतुकीचा नफा इराणच्या वांट्यांतून वगळण्यांत आला. इराणच्या संसदेपुढें, म्हणजे मजलिसपुढें, हा करार मंजुरीसाठीं कधीं आलाच नाहीं, आणि त्यामुळें पुढें त्याच्या कायदेशीरपणाविषयींच वाद माजला.

ह्यानंतरचा प्रसंग प्रसिद्ध आहे. १९३० सालच्या हिशेबाप्रमाणें इराणला १२,८८,३१२ पौंड मिळाले होते. १९३१ सालच्या हिशेबाप्रमाणें आंकडा आला ३,०६,८७२ पौंड, म्हणजे चौथ्या हिश्शाहूनही कमी. जगांत मंदी होती आणि तेलाचे भाव कोसळले होते, हें खरें. पण विहिरींतून तेल जवळजवळ पूर्वींइतकेंच निघालें होतें. मंदीमुळें किती गेलें आणि मांडणीमुळें किती गेलें, हें तेहरानमध्यें बसून कोणास कसें कळावें ? नोव्हेंबर १९३२ मध्यें रेझा शहा यांनीं सनदच रद्द केली. संतापाच्या भरांत त्यांनीं तेलाचें दप्तर शेगडींत टाकलें, अशी कथा सांगतात. ज्या दप्तराची खरी गरज होती तें मात्र लंडनमध्यें सुरक्षित होतें.

वाद राष्ट्रसंघापुढें गेला आणि १९३३ सालीं नवा करार झाला. आतां निव्वळ नफ्याचा घोळ काढून टाकण्यांत आला. दर टनामागें चार शिलिंग, भागीदारांस ठराविक रकमेपेक्षां जास्त नफा वांटल्यास त्या जादा रकमेचे शेंकडा वीस, आणि कांहीं झालें तरी वर्षाला कमींत कमी साडेसात लाख पौंड, असें ठरलें. टनावरचा आकार हा शहाणपणाचा मार्ग होता. कारण टन मोजतां येतात. परंतु ह्या सुधारणेच्या मोबदल्यांत सनदेची मुदत १९९३ पर्यंत वाढविण्यांत आली. कंपनीकडे इराणचा एक प्रतिनिधि राहील असेंही ठरलें. मात्र माहिती मिळविण्याचा त्याचा हक्क एखाद्या सामान्य भागीदारास जी माहिती मागतां येते तिच्यापुरताच होता. ज्याच्या जमिनींतून सारें तेल निघे तो देश, आणि लंडनमध्यें दहा-वीस शेअर बाळगणारा एखादा पेन्शनर, ह्या दोघांस सारखीच माहिती !

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या व्यवस्थेंतील उणीव उघडी पडली. ब्रिटिश सरकार कंपनीच्या नफ्यावर भारी कर घेई. शिवाय भागीदारांस नफा फार वांटूं नये असेंही त्या सरकारचें धोरण होतें, आणि नफा वांटला गेला नाहीं म्हणजे इराणचे वीस टक्केही आकुंचित होत. १९५० सालीं कंपनीनें ब्रिटिश सरकारास कराच्या रूपानें सुमारें ५ कोटि पौंड भरले. इराणला सर्व मिळून सुमारें १ कोटि ६० लाख पौंड मिळाले. तेल इराणचें, पण त्यावरचा कर इराणच्या वांट्याच्या तिपटीहून अधिक आणि तो दुसऱ्याच देशास.

कंपनीचें म्हणणें अगदींच टाकाऊ होतें असें मी म्हणणार नाहीं. जेथें रस्ता नव्हता तेथें तिनें रस्ता केला, जेथें तेल आहे कीं नाहीं ठाऊक नव्हतें तेथें पैसा ओतला, आणि अबादानला जगांतील अत्यंत मोठा तेलशुद्धीचा कारखाना उभारला. तिचे हिशेब इंग्रजी कायद्याप्रमाणें तपासले जात आणि त्यांचा वार्षिक अहवाल छापून प्रसिद्ध होई. आमचें काय लपलें आहे, असें तिचे चालक विचारीत. परंतु तो अहवाल सबंध उलाढालीचा असे. इराणच्या कोणत्या क्षेत्रांतून किती तेल निघालें, तें आरमारास कोणत्या भावानें दिलें, पोटकंपन्यांना कोणत्या भावानें दिलें, ह्याचा उलगडा त्या एकत्रित आंकड्यांवरून होत नसे. आमच्या पट्टीवरही आंकडे होतेच. छापील कागदावर, सहीनिशीं होते. प्रश्न आंकडे असण्याचा नव्हता. ते पडताळून पाहण्याचा होता.

१९४९ सालीं कंपनीनें दर टनाचा आकार वाढवून देणारा पुरवणी करार पुढें केला. तो मजलिसनें मान्य करावा म्हणून पंतप्रधान रज्मारा यांनीं कंपनीस कांहीं सवलती सुचविल्या. त्यांत अधिक इराणी लोकांना वरच्या कामाचें शिक्षण द्यावें आणि हिशेब इराणी तपासनिसांस दाखवावेत, अशा मागण्या होत्या. ह्या मागण्यांत कंपनीचा एक पौंडही थेट जाणार नव्हता. तरी त्या वेळीं कंपनीनें मान हलविली नाहीं. ३० डिसेंबर १९५० रोजीं शेजारच्या सौदी अरेबियांत अमेरिकन कंपनीनें निम्मेनिम्म वांट्याचा करार केला, आणि त्याची वार्ता कळतांच इराणांतील पुरवणी करार मेल्यांत जमा झाला. ७ मार्च १९५१ रोजीं रज्मारा यांची हत्या झाली. त्याच महिन्यांत मजलिस व सेनेट ह्या दोन्ही सभागृहांनीं तेलधंद्याच्या राष्ट्रीयीकरणास मान्यता दिली, आणि एप्रिलच्या अखेरीस डॉ. मोसादेक पंतप्रधान झाले.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. इंग्लंडनें इराणी तेलाची बाजारपेठ अडविली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें जुलै १९५२ मध्यें हा वाद आपल्या अधिकारकक्षेंत येत नाहीं असा निर्णय दिला. आणि ऑगस्ट १९५३ मध्यें ब्रिटिश व अमेरिकन गुप्तहेर खात्यांच्या साहाय्यानें मोसादेक यांचें सरकार उलथण्यांत आलें. १९५४ सालीं निरनिराळ्या देशांतील कंपन्यांच्या संघाशीं नवा करार झाला. त्यांत इराणला निम्मा वांटा मिळाला. मात्र संघाच्या वह्या इराणी तपासनिसांस दाखविण्याचें कलम त्यांत नव्हतें आणि चालकमंडळावर इराणी माणूसही नव्हता. अर्धशतकांत वांटा सोळा टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर आला, एक पंतप्रधान मारला गेला, दुसरा कैदेंत पडला. वही मात्र जागची हलली नाहीं.

जुन्या कंपनीनें १९५४ सालींच ब्रिटिश पेट्रोलियम हें नांव घेतलें. इतिहासाचा योगायोग असा कीं, पहिल्या सनदेनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २००१ सालीं, हीच कंपनी वही उघडण्याच्या बाजूनें पुढें आली. ह्या वेळचा देश होता आफ्रिकेंतील अंगोला. तेथें १९७५ पासून यादवी युद्ध चालू होतें. तेलाचें उत्पन्न प्रचंड, पण प्रजा अन्नाला महाग. कंपन्यांनीं सरकारला दिलेला पैसा जातो कोठें, असा प्रश्न लंडनमधील 'ग्लोबल विटनेस' ह्या संस्थेनें १९९९ सालीं एका अहवालांत जाहीरपणें विचारला. तेव्हां ब्रिटिश पेट्रोलियमनें सांगितलें कीं, अंगोलाच्या सरकारास आम्ही काय देतों तें प्रसिद्ध करूं. एका सागरी क्षेत्राच्या करारावर सही करतांना तिनें दिलेली सुमारें ११ कोटि १० लाख डॉलरांची रक्कमही उजेडांत आली. ह्यावर अंगोलाच्या सरकारी तेलसंस्थेनें कंपनीस खरमरीत पत्र धाडलें : गुप्ततेचें कलम मोडाल तर करार संपुष्टांत येईल. पत्राच्या प्रति इतर कंपन्यांनाही पाठविण्यांत आल्या.

श्रोतेहो, येथें चित्र उलटें झालेलें आपल्या लक्षांत आलें असेल. इराणांत मालक वही मागत होता आणि कंपनी ती झांकीत होती. अंगोलांत कंपनी दाखवावयास तयार झाली, तर मालकाचा कारभारीच ती झांकूं लागला. कारण तेथें मालक दोन होते : नांवाचा मालक सरकार, आणि खरा मालक प्रजा. वही कोणास दाखवावयाची ह्याचें उत्तर त्या दिवसापासून बदललें. केवळ सरकारला नव्हे, तर चारचौघांत दाखवावयाची, असा विचार मूळ धरूं लागला.

२००२ सालीं जोहान्सबर्ग येथील परिषदेंत ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीं खाणउद्योगांतील पारदर्शकतेच्या एका आंतरराष्ट्रीय उपक्रमाची घोषणा केली. त्याची रीत आम्हां शाळामास्तरांस परिचित अशीच आहे. ती म्हणजे ताळा करण्याची. आम्ही किती दिलें तें कंपन्यांनीं सांगावें, आम्हांस किती मिळालें तें सरकारनें सांगावें, आणि त्रयस्थ हिशेबनिसानें दोन्ही आंकडे शेजारीं मांडून जुळतात कां तें पाहावें. नायजेरियानें १९९९ ते २००४ ह्या वर्षांचा असा ताळा केला तेव्हां दोन्ही बाजूंचे आंकडे सर्वत्र जुळले नाहींत. आणि न जुळल्यामुळेंच पुढील चौकशीचें तोंड उघडलें. पन्नासांहून अधिक देश आज ह्या उपक्रमांत सामील आहेत.

परंतु हा उपक्रम खुषीचा होता. सक्तीचा प्रयत्न अमेरिकेनें २०१० सालीं केला. त्या वर्षींच्या वित्तविषयक मोठ्या कायद्यांत कार्डिन व लुगर ह्या दोन सेनेटरांच्या पुढाकारानें कलम १५०४ घालण्यांत आलें. अमेरिकन शेअरबाजाराच्या नियंत्रकांकडे अहवाल देणाऱ्या प्रत्येक तेल, वायु व खाण कंपनीनें कोणत्या सरकारास कोणत्या कामापोटीं किती स्वामित्वधन, कर व इतर रकमा दिल्या, तें दर वर्षीं जाहीर करावें, असें तें कलम होतें. नियम २०१२ सालीं झाले. तेलकंपन्यांची संघटना न्यायालयांत गेली आणि २०१३ सालीं ते रद्द झाले. २०१६ सालीं पुन्हां झाले. २०१७ च्या फेब्रुवारींत काँग्रेसनें व राष्ट्राध्यक्षांनीं ते मोडीत काढले. २०२० च्या डिसेंबरांत तिसऱ्यांदां झाले, पण पूर्वींपेक्षां सौम्य. प्रत्येक कराराचा आंकडा वेगळा न देतां कांहीं प्रमाणांत एकत्र करून देण्याची त्यांत मुभा आहे. एवढ्या अवधींत युरोपीय संघानें २०१३ सालीं आणि ब्रिटन, नॉर्वे व कॅनडा यांनीं त्याच सुमारास आपापले कायदे करून कंपन्यांकडून असे अहवाल घेण्यास प्रारंभही केला. युरोपांत एक लाख युरोपर्यंत पोंचणारी प्रत्येक रक्कम जाहीर करावी लागते, आणि तीही प्रकल्पवार.

प्रकल्पवार ह्या एका शब्दासाठीं एवढी झुंज कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर इराणच्या इतिहासांत आहे. एकत्रित आंकडा म्हणजे गढूळ पाणी. त्यांत तळ दिसत नाहीं. अमुक विहीर, अमुक करार, अमुक रक्कम असें लिहिलें म्हणजे त्या विहिरीशेजारीं राहणारा शेतकरीही विचारूं शकतो कीं, आमच्या तालुक्याचा पैसा कोठें गेला. कंपन्या म्हणतात, आमचे आंकडे प्रतिस्पर्ध्यांस कळतील. ह्या आक्षेपांत कांहीं तथ्य असेल. परंतु युरोपीय कंपन्या ते आंकडे वर्षानुवर्षें देत आहेत आणि त्यांचा व्यापार बुडालेला नाहीं.

आतां आपल्या देशाकडे येऊं. मीं आरंभीं ज्या १९७४ सालचा उल्लेख केला, त्याच सालच्या फेब्रुवारींत 'सागर सम्राट' ह्या तरत्या खोदयंत्रास मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरांवर भर समुद्रांत तेल लागलें. नांव 'बॉम्बे हाय' पडलें, पण राज्यघटनेच्या २९७ व्या कलमानुसार समुद्रतळाखालची संपत्ति केंद्राची. म्हणून तिचें स्वामित्वधन महाराष्ट्रास मिळत नाहीं, केंद्रास मिळतें. जमिनीवरील तेलाचें मात्र राज्यांना मिळतें. त्यावरून गुजरातेंत एक वाद झाला, तो आपल्या विषयाच्या अगदीं मर्माशीं आहे. सरकारी तेल महामंडळास वरून आज्ञा होती कीं, तेलशुद्धीच्या कंपन्यांना भावांत सवलत द्यावी. महामंडळानें सवलत वजा करून उरलेल्या भावावर स्वामित्वधन मोजलें. गुजरात सरकार म्हणालें, सवलत कोणास द्यावयाची ती खुशाल द्या, पण आमचा वांटा पुऱ्या भावावर हवा. २०१३ सालीं गुजरात उच्च न्यायालयानें राज्याच्या बाजूनें निकाल दिला. आणि २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या फेब्रुवारीपासून पुढील रक्कम सवलतीपूर्वींच्या भावानें देण्यास सांगितलें.

हा प्रसंग आणि १९१४ सालच्या ब्रिटिश आरमाराचा प्रसंग शेजारीं ठेवून पाहावेत. दोन्हीकडे मोठ्या गिऱ्हाइकास सवलत, आणि दोन्हीकडे तिचा भार जमिनीच्या मालकावर. फरक एवढाच कीं, गुजरातेंत सवलतीचा आंकडा कागदोपत्रीं उघड होता. तो उघड होता म्हणून भांडण वकिलांनीं न्यायालयांत भांडलें. इराणांत तो झांकलेला होता. म्हणून चाळीस वर्षें संशय सांचत गेला, आणि शेवटीं त्याचा निवाडा रस्त्यावर झाला. वही उघडी ठेवल्यानें भांडणें मिटतात असें नाहीं. पण तीं भांडणाच्याच पायरीवर राहतात, वैरापर्यंत जात नाहींत. हिशेब दाखविण्याची सक्ति ही मागणाऱ्याइतकीच देणाऱ्याच्याही हिताची आहे, ती ह्यामुळें.

केवळ कायदा करून काम भागत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. अहवाल प्रसिद्ध झाला तरी तो कोणीं तरी वाचावा लागतो, बेरीज करावी लागते, आणि न जुळल्यास विचारावें लागतें. विचारणाऱ्यास 'विश्वास उडाला काय ?' असें ऐकून घ्यावें लागतें. खरें पाहतां हिशेब मागण्यांत अविश्वास नाहीं; हिशेबावांचून चालणारा विश्वास हा एका बाजूच्या सोयीचा असतो.

वडील वारल्यावर त्यांच्या ट्रंकेंत सर्व पट्ट्या वर्षवार बांधून ठेवलेल्या सांपडल्या. १९७४ च्या पट्टीच्या मागें त्यांनीं पेन्सिलीनें गांवाहून रवाना केलेल्या पेट्यांची संख्या लिहिली होती : ४३. पुढच्या बाजूस अडत्याच्या अक्षरांत विक्रीस आलेल्या पेट्या होत्या ४१. त्यांनीं ताळा केला होता. तो न जुळल्याचेंही त्यांना ठाऊक होतें. दाखवावयास दुसरी वही तेवढी त्यांच्या हातीं नव्हती.